मिठाचं पथ्य

केबलच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांना सगळेच काकू म्हणत, अगदी मॅनेजरपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत. दुपारचा भोंगा वाजला की तांब्याने आणि वंगणाने काळवंडलेल्या हातांची माणसं लोंढ्यासारखी आत यायची, बाकांवर दाटीवाटीने बसायची आणि पुढ्यातल्या ताटावर तुटून पडायची. काकू खिडकीतून फक्त पहिल्या घासाकडे बघत. पहिला घास घेऊन कुणी मान वर केली नाही, म्हणजे मीठ बरोबर पडलंय.

मिठाला माप असं त्यांच्या स्वयंपाकघरात नव्हतंच. डब्यात हात घालायचा, मूठ अर्धी मिटायची आणि पातेल्यावरून एकदा फिरवायची. चव घेऊन बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. हाताखालची नवी बाई विचारायची, "काकू, किती घातलंत?" तर म्हणायच्या, "माझ्या हाताला विचार. तो मला सांगत नाही."

काका लिफ्टमन होते. गावातल्या मोठ्या कचेरीच्या इमारतीत स्टुलावर बसून त्यांनी उभा जन्म माणसं वरखाली केली. नाकासमोर चालणारा माणूस. आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे लिफ्ट नाही. जिना चढताना दम लागला की ते म्हणत, "लोकांना उचलून उचलून दमलो, आता मला कोण उचलतंय?" एवढाच काय तो त्यांचा विनोद, आणि तोही दर दोन दिवसांनी. काकू दरवेळी हसायच्या.

एकुलती एक लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. काका निवृत्त झाले, काकूंची नोकरी चालू राहिली. सकाळी त्या दोघांचं जेवण करून, काकांचं ताट झाकून कामावर जायच्या. काका खिडकीशी बसून रस्ता बघायचे.

मग काकांना चक्कर आली. चौकातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला आणि तो चांगलाच चढलेला निघाला. त्यांनी एक गोळी लिहून दिली. ती घेतली की लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर पडतं, दाब उतरतो, असं सांगितलं. आणि निघता निघता म्हणाले, "जेवणात मीठ जरा कमी करा."

त्यातला 'जरा' दवाखान्याच्या पायऱ्यांवरच राहिला. कुठलीही गोष्ट अर्धवट करणं काकूंच्या स्वभावातच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मिठाची बरणी रिकामी केली, धुतली आणि पालथी घातली. बिस्किटं गेली, खारे शेंगदाणे गेले, पाव गेला. डाळ अळणी, भाजी अळणी, भातही अळणी. काकांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून त्या स्वतःही घरी तेच खायच्या. फरक एवढाच, की त्यांना दुपारी कॅन्टीनमध्ये दोन घास चवीचे मिळायचे.

"कसं झालंय?" त्या विचारायच्या.

"छान," काका म्हणायचे.

समोरच्या घरात कपडे शिवणारी बाई राहायची. ती मोठ्या आपुलकीची, आणि सल्ले द्यायला कायम मोकळी. ती म्हणाली, "पाणी भरपूर प्या हो, शरीर आतून धुऊन निघतं." दिवस कडक उन्हाचे होते, काकांना तहानही लागायची. काकू जाण्यापूर्वी दोन मोठे तांबे भरून ठेवत आणि संध्याकाळी ते रिकामे बघून त्यांना बरं वाटे. आपलं माणूस ऐकतंय, असं वाटे.

काही आठवडे गेले आणि काकांचं जेवण तुटलं. मळमळतं म्हणाले, डोकं दुखतं म्हणाले. "सवय होईल," काकू म्हणाल्या. मग ते बोलता बोलता शब्द शोधायला लागले. एकदा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. एका संध्याकाळी काकू घरी आल्या तर काका खोलीच्या मधोमध उभे. त्यांना बघून म्हणाले, "कितवा मजला?"

काकूंना वाटलं, चला, नवीन विनोद सुचला एकदाचा. त्या मनापासून हसल्या. काका हसले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं जेवायला बसली होती. काकूंनी वाढलं. काकांनी ताटाकडे बघितलं आणि ते हाताने असं सरकवलं की वाटी कलंडली, आमटी जमिनीवर सांडली.

"अहो, काय झालं?"

"ताईला तू घरात घेतलं नाहीस," काका म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण तो त्यांचा नेहमीचाही नव्हता. कुणीतरी दुसऱ्याच खोलीतून बोलावं तसा.

"ती तिकडे एकटी मेली. पलंगाखाली पडली होती. सकाळी झाडूवालीला दिसली. तुला माहितीय सगळं. तू नाही म्हणालीस."

काकूंच्या हातातला चमचा हातातच राहिला.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, काकूंच्या वन्सं. आई लवकर गेल्यावर तिनेच काकांना लहानाचं मोठं केलेलं. वन्संचा नवरा वारला, त्यानंतर दिराने त्यांना घराबाहेर काढलं. तेव्हा एका संध्याकाळी काका चहा पिता पिता म्हणाले होते, "ताईला इकडे आणावं का?" लेकीचं शेवटचं वर्ष होतं, तिची परीक्षा तोंडावर होती. वन्संची जीभ तिखट, त्यांना दुसऱ्याच्या हातचं काही पसंत पडायचं नाही. काकूंनी तोंडाने नाही म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "आणा की. पण झोपवायचं कुठे?" काका म्हणाले, "तेही खरंच." विषय तिथे संपला. वन्सं बायकांच्या आश्रमात राहायला गेल्या आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच गेल्या. तेव्हापासून काकांनी त्यावर ब्र काढला नव्हता. काकू धरून चालल्या होत्या, की त्यांच्या मनातून ते केव्हाच गेलं.

आता ते ताटासमोर बसून तेच तेच बोलत होते. पलंगाखाली. झाडूवाली. नाही म्हणालीस.

काकूंनी सांडलेली आमटी पुसली. मग त्यांचाही तोल गेला. "एवढी वर्षं मूग गिळून बसलात, आणि आज जेवताना आठवलं? त्या वेळी तोंड कुठे गेलं होतं?" काका उठून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

अबोला सुरू झाला. म्हणजे काकूंनी धरला. काकांनीही धरलाय, असं त्यांना वाटलं. सकाळी त्या ताट झाकून निघायच्या, संध्याकाळी ते तसंच असायचं. काका पडून असायचे. हाक मारली तर डोळे उघडायचे, मिटायचे. तांबे मात्र रिकामे असायचे. रागावलेत तर रागावू देत, काकू मनाशी म्हणाल्या. मी का म्हणून नमतं घेऊ? घरातलं माणूस रुसलंय की बुडतंय, हे बघायला जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

अशातच एका दुपारी, वाढप ऐन रंगात असताना, कॅन्टीनच्या फोनवर शिवणवाल्या बाईचा आवाज आला. "काकू, लवकर या. काका जिन्यात पडलेत. हातपाय झाडतायत, तोंडाला फेस आलाय."

मोठ्या रुग्णालयात काकांना आत नेलं आणि काकू ॲप्रनसकट बाहेर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. डोळ्यांत झोप साचलेली, पण बोलणं शांत.

"आजोबांच्या रक्तातलं सोडियम फार उतरलंय. एकशे चाळीसच्या आसपास हवं, ते एकशे बारा आहे. म्हणून फिट आली. जेवणात मीठ किती असतं?"

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. बाईंचा चेहरा बघून तो गळून पडला.

"अजिबात नाही? आणि पाणी?"

काकूंनी तांब्यांचं सांगितलं. गोळीचा कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला आणि शेजारी बाकावर बसल्या.

"बघा, आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं, पण ते साधं पाणी नाही, खारं आहे. शरीर म्हणजे अगदी बारीक बारीक पेशी. त्यांच्या बाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त. या दोघांची सारखी येजा चालते, त्यावरच नस निरोप देते, स्नायू हलतो, हृदयाचा ठोका पडतो. बाहेरचं मीठ कमी झालं की पाणी पेशीत शिरतं आणि पेशी फुगते. पायात, पोटात फुगायला जागा असते. डोक्याला कवटी आहे. मेंदू फुगून जाणार कुठे?"

"म्हणजे मी..."

"मुख्य म्हणजे ती गोळी. काही जणांना ती सोसत नाही. त्यात मीठ बंद आणि पाणी भरमसाट, सगळं एकत्र आलं. किती दिवस विचित्र वागत होते?"

काकूंनी चष्म्याचं सांगितलं, कितवा मजला त्याचं सांगितलं. मग थांबून म्हणाल्या, "माझ्यावर रागावले होते. कधी बोलले नाहीत तसं बोलले."

"ते मनावर घेऊ नका. सोडियम उतरलं की माणूस काहीही बरळतो. ते बोलत नव्हते, मीठ बोलत होतं असं समजा."

त्या बाईंनी आधार द्यायला म्हटलं होतं. काकूंनी मान हलवली. पण काकांनी काहीही बरळलेलं नव्हतं. पलंग खरा होता, झाडूवाली खरी होती.

काकांच्या हाताला सलाईन लागलं. मिठाचंच पाणी, पण थेंब थेंब. काकूंना राहवेना. त्या म्हणाल्या, "अहो, मीठच हवंय ना, मग भराभर द्या की. मी पाण्यात कालवून पाजते." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेच तर करायचं नाही. मेंदूने इतक्या दिवसांत कमी मिठाशी जमवून घेतलंय. एकदम वाढवलं तर आतल्या बारीक तारांवरचं वेष्टण उतरतं. मग माणसाला बोलता येत नाही, गिळता येत नाही. कायमचं." तारेवरचं वेष्टण म्हणजे काय, ते काकूंना कारखान्यामुळे ठाऊक होतं. सोललेल्या तारांची वेटोळी त्यांनी आवारात पडलेली बघितली होती. 

पाणीही मोजून. काका कोरड्या ओठांनी "पाणी, पाणी" करायचे आणि काकू ओला कापूस ओठांवर फिरवायच्या. "एक घोट दे ना गं," ते लहान मुलासारखं म्हणायचे, आणि काकू खिडकीकडे बघायच्या. काकांनी सुई उपटली, म्हणून नर्सने त्यांचे हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले. ते वॉर्डला लिफ्ट समजत होते. "दार सोडा, माणसं अडकतील," असं ओरडत होते.

रोज रक्त तपासायला जायचं आणि आकडा यायचा. एकशे पंधरा. मग एकशे एकोणीस. काकूंचे डोळे नर्सच्या तोंडाकडे लागलेले. आकडा चढला तसं काकांचं ओरडणं थांबलं, हात सोडले, डोळ्यांत ओळख आली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी नमस्कारही केला. आणि काकूंच्या मनात एक विचार आला, ज्याची त्यांना स्वतःलाच भीती वाटली. हे बरे होतील तसे मिटत जातील. पूर्वीसारखे होतील, म्हणजे पुन्हा कधी काही बोलणार नाहीत.

आकडा एकशे तेवीस झाला त्या दुपारी वॉर्डात सामसूम होती. काका छताकडे बघत पडले होते, जागे. काकूंनी स्टूल जवळ ओढलं.

"अहो. तुमची ताई आठवते का?"

"हो. का?"

"त्यांना मी नाही म्हणाले, म्हणून राग आहे ना तुमच्या मनात?"

काका तसंच छताकडे बघत, सहज म्हणाले, "ती कचेरीत आली होती. मी तिला सांगितलं, ही नको म्हणते."

"कोण? मी?"

"हं. ती म्हणाली, बरं. ती म्हणाली, तिच्या घराची राणी ती. मग बॅग घेऊन गेली." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "मला नको होती ताई."

"अहो, असं काय..."

"सारखी बोलायची. लहानपणी मारायची. मी अंथरूण ओलं केलं की दाराबाहेर उभं करायची. मला नको होती. मग तुझं नाव सांगितलं. तुझं नाव सांगितलं की कुणी काही म्हणत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, दुःखही नव्हतं. लिफ्टच्या दारात उभं राहून कुठलं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे, ते सांगावं, तसं सांगत होते. "पाणी दे ना," ते म्हणाले. काकूंनी कापूस भिजवला. पाणी गळून उशीवर पडलं.

म्हणजे वन्सं गेल्या त्या काकूंनीच दार लावलं असं समजून गेल्या. त्यानंतर काकू दोनदा त्यांना भेटायला आश्रमात गेल्या होत्या. वन्संनी तोंड भरून विचारपूस केली होती, स्वतःच्या वाटणीचं केळं त्यांच्या हातात दिलं होतं. परतताना काकूंना वाटलं होतं, बाई निवळली हो.

काका घरी आले तेव्हा आकडा एकशे छत्तीस होता. गोळी बदलून मिळाली. मीठ चारचौघांसारखं घाला, फक्त वरून घेऊ नका, पाणी तहानेपुरतं, असं डॉक्टरीणबाईंनी काकूंकडून दोनदा म्हणवून घेतलं. पहिल्या दिवशी काकूंनी मीठ घालून डाळ केली, ताट पुढे ठेवलं.

"कसं झालंय?"

"छान," काका म्हणाले.

तोच शब्द, तोच सूर. अळणी डाळीलाही ते असंच म्हणाले होते. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग आजवर किती वेळा विचारलं आणि किती वेळा हेच ऐकलं, ते सगळं त्यांना एकदम आठवू लागलं आणि त्यांनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

आजारातलं काकांना काहीच आठवत नव्हतं. जिन्यातून पडल्याचंही नाही. आठवडाभराने काकूंनी धीर करून विचारलं, "दवाखान्यात तुम्ही ताईंबद्दल बोललात. आठवतंय?"

काकांचा हात मांडीवरून फिरत होता, तो तिथेच थांबला. "काय बोललो?"

"त्यांना काय सांगितलं होतंत, ते."

"अगं, तापात माणूस काहीही बोलतो," काका म्हणाले. "जाऊ दे ना. कशाला उकरायचं?"

ताप आलाच नव्हता.  काका खिडकीशी जाऊन बसले आणि नंतरचे दोन दिवस नको इतके गोड वागले. भांडी घासली, चहा करून दिला. काकूंनी तो तसाच गार होऊ दिला.

कॅन्टीनमध्ये त्या परत गेल्या, पण हात बदलला होता. डब्यात घातलेली मूठ मिटेनाशी झाली. जास्त होईल का, कमी पडेल का. त्या पुन्हा थोडं घालायच्या, चव घ्यायच्या, परत घालायच्या. खिडकीतून बघावं तर माना वर. कुणी गमतीने म्हणालं, "काकू, आज समुद्रावर गेला होतात काय?" दुसऱ्या दिवशी दुसरा म्हणाला, "आज आम्हालाही पथ्य का?" माणसं प्रेमाचीच होती, कुणी तक्रार केली नाही. मॅनेजरनेही काही म्हटलं नाही. पण काकूंनी चमचा आणला, मोजून घालायला लागल्या, आणि मोजतानाही हात डब्यावर अडायचा. शेवटी त्यांनी मोठा डाव हाताखालच्या बाईच्या हातात दिला आणि पावसाळा संपायच्या आत नोकरी सोडली. निरोपाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना तिथून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं.

घरात आता दोघंच दिवसभर समोरासमोर. काकांच्या चालण्यात डुगडुग राहिली होती, जिना उतरणं जमेना. काकू खाली जाऊन सामान आणायच्या. एकदा पिशवी ठेवता ठेवता त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मलाही नको होत्या त्या. झोपवायला जागा झाली असती. लेकीची परीक्षा संपली की झालीच असती." काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं असणार, खोली तेवढी मोठी नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "टोमॅटो मिळाले का?"

पावसाळ्यानंतर लेकीचा फोन आला. बाबांना जिना उतरणं जमत नाही, हे तिला शिवणवाल्या बाईकडून कळलं होतं.

"आई, हे असं किती दिवस चालणार? तुम्ही दोघं इकडेच..." ती थांबली. मागे जावई मुलाला काहीतरी सांगत होते, टीव्ही चालू होता. थांबली ती अगदी थोडंसंच. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. "इकडेच या ना. काहीतरी करू आपण जागेचं."

"नको गं," काकू म्हणाल्या. "आमचं बरं चाललंय. बाबांना इथली सवय आहे."

"नक्की ना?"

"नक्की. तू काळजी करू नकोस."

लेकीने सोडलेला श्वास फोनमधून ऐकू आला. मग ती मुलाच्या शाळेचं सांगत बसली, आणि काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

फोन ठेवल्यावर काकांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"या म्हणाली."

"मग?"

"नको म्हटलं मी."

काकांनी मान हलवली. "बरं केलंस," ते म्हणाले.

काकू उठल्या, त्यांनी दिवा लावला आणि रात्रीची भाजी चिरायला घेतली.